उत्तर आजींनीच द्यायचं

रविवार, १७ डिसेंबर

माझ्या लेकाच्या, महांतेशच्या, खत-बियाण्यांच्या दुकानात कंपन्यांच्या डायऱ्या येतात. ही मागच्या वर्षीची, कुणी न नेलेली, रद्दीत निघाली होती. वार जुळत नाहीत, पण त्याला काय, छापलेला खोडायचा आणि खरा लिहायचा. घाटनांदूरच्या शाळेत बत्तीस वर्षं रोजचं टाचण लिहिलं. हातात पेन नसलं की बोटं उगीच चुळबुळ करतात. शिवाय मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले तरी अक्षर अजून दुसरीतल्या पोरासारखं येतंय. ते सुधारायचंय.

आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं. सकाळी एक मुलगी आली. पंचशीला नाव, पाटोद्याकडची, फिजिओथेरपीच्या मोठ्या पदवीचा अभ्यास करते. म्हातारी माणसं किती हालचाल करतात हे विचारायची एक प्रश्नावली आहे, मूळची परदेशी. तिचं मराठी केलंय, आणि ती आपल्या बीडच्या म्हाताऱ्यांना लागू पडते का, हे ही मुलगी घरोघर फिरून तपासते. पायात धुळीने भरलेल्या चपला, पण बोलणं कसं ठाशीव. मला अशी पोरं आवडतात.

"परीक्षा तुमची न्हाई आजी, प्रश्नांची हाय," ती म्हणाली. मला हसू आलं. प्रश्नपत्रिका नापास झालेली मी आजवर पाहिलेली नाही.

तिने रीत समजावून सांगितली. आज प्रश्न विचारायचे. मग आठवडाभर कमरेला एक पट्टा बांधायचा, त्यातलं यंत्र हालचाल मोजतं. माणूस तोंडाने सांगतो ते आणि यंत्र मोजतं ते जुळलं, तर प्रश्नावली खरं मोजते. आणि दोन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं पहिल्यासारखीच आली, तर प्रश्नावली भरवशाची. इतकं सोपं करून सांगितलं की मी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली.

पहिलाच प्रश्न तिने वाचला: गेल्या सात दिवसांत आपण किती दिवस घराबाहेर चालण्यासाठी गेलात? मी तोंड उघडायच्या आत महांतेश सोफ्यावरून म्हणाला, "रोज जाती की आई. सकाळी एक चक्कर, संध्याकाळी एक. डॉक्टरनंच सांगितलंय."

"सर, उत्तर आजींनीच द्यायचं," ती हळूच म्हणाली. "तसा नियम हाय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सून कावेरी पण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. खरं तर दसऱ्याला मी या घरात आले, तेव्हापासून दवाखान्याखेरीज जिना उतरलेले नाही. पण परक्या पोरीसमोर पोटच्या लेकाला खोटं कसं पाडायचं?

"सहा दिवस," मी म्हणाले. "एक दिवस इसावा. अर्धा तास चालते." सात म्हणण्यापेक्षा सहा म्हटलं की जास्त खरं वाटतं. एवढं शाळेतल्या पोरांनी मला शिकवून ठेवलंय.

पुढचे प्रश्न ऐकून तर करमणूकच झाली. हिरवळ कापण्याचं यंत्र चालवता का? मी म्हटलं, बीडमध्ये हिरवळ कुठं हाय ते आदी दाखव. ती पण हसली. धुणं, भांडी, भाकरी हे सगळं 'हलके घरकाम' या एका रकान्यात. मी म्हटलं, चौघांच्या भाकरीचं पीठ एकदा मळून बघ आणि मग हलकं म्हण. तिने कडेला काहीतरी टिपून घेतलं.

निघताना मी विचारलं, मी धडधाकट आहे असा कागद मिळेल का. एकेकाचा निकाल देत नाहीत म्हणाली. मिळाला असता तर महांतेशसमोर धरला असता. तो म्हणाला होता, मनगट बरं झालं की जा घाटनांदूरला. मनगट तर बरं झालं. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, अकरा जानेवारीला आहे. आमच्याकडे त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळी शेतात असतात. लग्नानंतरची माझी एकही येळवस चुकलेली नाही.

रात्री जेवताना महांतेश एवढंच म्हणाला, "बरं केलंस आई." उद्यापासून फिरायला ने म्हणावं असं मनात आलं. म्हटलं नाही.

सोमवार, १८ डिसेंबर

पट्टा बांधला. काडेपेटीएवढी डबी आहे, वजन काही नाही. कावेरी म्हणते, "आत्याबाई, कंदोरा केल्यावानी दिसायलंय." आज ती हसली हे बरं वाटलं. एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे, कायम धावपळीत असते.

दहाच्या आत दोघं बाहेर पडतात. जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतात. बीडमध्ये चोऱ्या फार वाढल्यात म्हणे. त्यामुळे दुपारी मला निवांत झोप लागते. आधी भांडी, धुणं, मग संध्याकाळची भाजी निवडून ठेवते. कावेरीला आल्यावर तेवढाच हातभार. नात स्वप्नाली लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीला असते, तिची खोली मला दिलीय.

घाटनांदूरला मागच्या पायरीवरून घसरले, एवढंच झालं होतं. कुणालाही होतं. शेजारच्या सुंदरबाईला कळेपर्यंत पडून राहावं लागलं, हे मात्र खरं. महांतेश गाडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. त्या दिवसापासून तो दुकानातून तीन-तीनदा फोन करतो. असा लेक सगळ्यांना मिळत नाही.

बुधवार, २० डिसेंबर

सहा दिवस बाहेर फिरते असं सांगून बसले, आणि पट्ट्याला तर खोटं चालत नाही. तेव्हा आता घरातच चालायचं. दारापासून गॅलरीपर्यंत आणि परत. वाटेत सोफा, स्वप्नालीचं टेबल, धुण्याची दोरी. सुरुवातीला फेऱ्या मोजत होते, मग सोडून दिलं. गॅलरीच्या जाळीशी थोडं थांबायचं. आज ऊसतोडीचा एक ट्रक गेला, आत माणसं, कोंबड्या, हंडे, एक खाट. उशिरा निघालेली टोळी असेल. मी हात हलवला. एका बाईने परत हलवला.

दुपारी सुंदरबाईचा फोन. "बाई, घराचं काम काढलंय का? दोन मानसं टेप लावून मोजून गेली. एक जन तर आडात वाकून बगत हुता."

म्हणजे महांतेशने पत्रे बदलायचं मनावर घेतलं. माघारी जायच्या आधी घर नीट करून द्यायचं असेल पोराच्या मनात. मला सांगितलं नाही, अचानक दाखवणार असेल. त्याचे वडील मन्मथप्पा पण असेच होते. घरात पंखा आणला तो मी शाळेतून आल्यावर डोक्यावर फिरतानाच पाहिला.

शुक्रवार, २२ डिसेंबर

आज दुपारी झोप लागली नाही. कुणीतरी जिन्यावरून वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. चार पायऱ्या उतरून बघावं असं वाटलं, तर दार उघडत नाही हे हात लावल्यावर आठवलं.

फोनचं रिचार्ज संपलंय. माझा फोन बाहेर जात नाही, बाहेरून आलेला तेवढा घेता येतो. महांतेशला सांगितलंय.

रविवार, २४ डिसेंबर

पंचशीला पट्टा न्यायला आली. यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि उंच-सखल रेघा बघत म्हणाली, "आजी, तुमी तर लई चालता. माझ्या सगळ्या आजींत तुमचा नंबर वर लागंल."

मला अभिमान वाटला, आणि लगेच लाजही वाटली. यंत्राला पाय कळतात, भिंती कळत नाहीत. तोंडाने सांगितलं ते खोटं होतं आणि यंत्राने त्याला खरं म्हणून सही ठोकली. महांतेश पण वाकून रेघा बघत होता. "बघा," तो म्हणाला, "मी सांगत हुतो की." खोटं बोलल्यासारखा तो दिसत नव्हता. मला वाटतं, त्याला आता ते खरंच वाटू लागलंय.

आता पुढच्या रविवारी तेच प्रश्न. मी माझी उत्तरं पाठ केलीत: सहा दिवस, अर्धा तास, हिरवळ नाही. पोरीची पदवी आहे, माझ्यामुळे तिचं गणित चुकायला नको.

गुरुवार, २८ डिसेंबर

महांतेशने माझं आधार, पॅन कार्ड आणि दोन फोटो मागून घेतले. घराच्या कामाला लागतात म्हणाला. पत्रे बदलायला पॅन कार्ड कशाला लागतं, कळलं नाही. विचारायचं होतं, पण तो घाईत होता, आणि कावेरी एकाएकी उठून आत गेली.

आज जेवण जात नाही. येळवशीला चौदा दिवस राहिले. ओल्या तुरी, हरभरा, पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, ताकातली आंबील, सगळ्यांचा वास नाकाशी येतो. महांतेशला म्हटलं, चार दिवस आधी नेऊन सोड, सुंदरबाई हाय सोबतीला. "बघू," म्हणाला. शाळेत मीही पोरांना 'बघू' म्हणायचे. त्याचा अर्थ पोरांना कळायचा.

रविवार, ३१ डिसेंबर

पंचशीला आली नाही. महांतेशच्या फोनवर सांगितलं म्हणे, तिच्या सरांनी बोलावलंय, दोन-चार दिवसांत येते. दिवसभर सगळे घरात होते. मी तयार होऊन बसले होते, पातळ पण चांगलं नेसले होते.

मंगळवार, २ जानेवारी

आजचं आजच लिहायचं.

दुपारी घंटी वाजली. कुलूप लावल्यावर घंटी वाजवणारा कुणी नसतो, म्हणून मी दचकले. बाहेरून आवाज आला, "आजी, मी पंचशीला. दार उघडा की."

"ढकल," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

मी दारावरच्या भिंगातून पाहिलं, ती कडीकडे बघत होती. "बाहीरून कुलूप हाय आजी," ती म्हणाली.

"हां, ते असतंच. चोऱ्या लई वाढल्यात."

"तुमी आत असताना?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. रविवारी ये म्हटलं. तर म्हणाली, दोन आठवडे परवाच होऊन गेलेत, आणखी उशीर झाला तर सर घेणार नाहीत, आज शेवटचा दिवस. मग म्हटलं, दारातूनच विचार. मी खुर्ची ओढून दाराशी बसले. ती बाहेर पायरीवर बसली असावी, कागद उलटल्याचा आवाज आला.

गेल्या सात दिवसांत आपण किती दिवस घराबाहेर चालण्यासाठी गेलात?

सहा दिवस, अर्धा तास. इतकंच म्हणायचं होतं. ती कुलपासमोर बसून होती आणि मी सहा म्हटलं असतं तर तिला सहाच लिहावं लागलं असतं. मागच्या उत्तराशी जुळलं असतं, पट्ट्याशी जुळलं असतं. महांतेश खोटा पडला नसता, मी खोटी पडले नसते, पोरीचं काम झालं असतं. सगळं जुळलं असतं, आणि मी आतच राहिले असते.

"एक बी न्हाई," मी म्हणाले.

"आजी, जरा आठवून सांगा."

"आठवूनच सांगायले. एक बी न्हाई. दसऱ्यापासून एक बी न्हाई. ते यंत्रावर दिसलं ना, ते मी ह्या दारापासून गॅलरीपर्यंत चालले."

पेन चालल्याचा आवाज आला नाही. मग तीच म्हणाली, "मागच्या टायमाला तुमी..." आणि थांबली. आधीचं उत्तर सांगायचं नसतं, हे तिच्या नियमात असावं.

"मागच्या टायमाला मी खोटं सांगितलं. लेक बसलेला होता. तुझं बिघडलं का?"

"सर म्हणतील, ह्या आजीचं जुळत न्हाई, काढून टाक."

"मग काढून टाक. एका म्हातारीनं काय होतंय."

"न्हाई काढणार," ती म्हणाली. "उत्तर काहून बदललं तेच लिहिते. घरची मानसं समोर असली की म्हातारी मानसं दुसरंच सांगत्यात, हे मी आणखी दोन घरी पाहिलंय. पर मला कुणी असं उघड सांगितलं नव्हतं."

मग तिने नेटाने सगळे प्रश्न विचारले, हिरवळीचा सुद्धा. शेवटी कागदावर नसलेला एक विचारला. "आजी, किल्ली कुणाकडं असती?"

"दोगांकडं."

"आन तुमच्याकडं?"

"मला काय करायची?" असं म्हणाले आणि मला रडू फुटलं. दार बंद होतं ते बरं, तिला दिसलं नाही. ऐकू गेलं असणार, कारण ती गेली नाही. संध्याकाळी कावेरी येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. अधूनमधून काहीतरी बोलायची, तिच्या आईच्या गुडघ्याचं, वडवणीला चुकलेल्या एसटीचं. मी आतून हुंकार द्यायचे.

कावेरीने तिच्यादेखत कुलूप काढलं. किल्ली तिच्या हातून खाली पडली. पंचशीलानेच उचलून दिली. "येते आजी," म्हणाली आणि जिना उतरून गेली. कावेरी मला म्हणाली, "आत्याबाई, मी नको म्हणत होते कुलूप. त्यांना तुमच्या जिवाची लई धास्ती हाय." आणि ओट्याशी तोंड करून भांडी घासत राहिली. घासलेली भांडीच पुन्हा घासत होती.

बुधवार, ३ जानेवारी

महांतेश काल उशिरा आला आणि जेवला नाही. आज दुकान सोडून घरीच बसला. मला वाटलं रागावेल. तो माझ्या पायाशी जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"सुंदरबाईचा फोन आला तवा मला वाटलं तू गेलीस," तो म्हणाला. "घाटनांदूरपर्यंत मी कशी गाडी चालवली मला म्हाईत न्हाई. परत तसा फोन घ्यायची ताकद माज्यात न्हाई आई."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झालेत. मग तो पुढचं बोलला. घाटनांदूरचं घर द्यायचं ठरलंय. इसार घेतलाय. मंगळवारी अंबाजोगाईला रजिस्ट्री. घर माझ्या पगारातून बांधलेलं, माझ्या नावावर. म्हणून सही माझी लागते. स्वप्नालीला सरकारी कॉलेज मिळण्याची आशा नाही, खाजगीत घालायचं तर दुसरा रस्ता नाही.

म्हणजे टेप, आड, पॅन कार्ड. बत्तीस वर्षं मास्तरकी करून मला हे कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं?

मी म्हटलं, आणि मी कुठं राहू? तो खरोखर चकित झाला. "हितंच की. एकदा ते घर गेलं की तुजं मन हितं लागंल. मग कुलूप लावायची गरजच न्हाई पडायची." तो हे मायेने बोलला. मला तेच सोसवत नाही.

शुक्रवार, ५ जानेवारी

कालपासून कुलूप नाही. सकाळी निघताना महांतेश म्हणाला, "माज्या गळ्याची आन हाय तुला, एकटी खाली उतरू नको." मी हो म्हणाले. गळ्याची आन मोडणारी आई आमच्या घराण्यात झालेली नाही.

दुपारी दार उघडून उंबऱ्याशी उभी राहिले. पायऱ्या दिसतात. जिन्याच्या खिडकीतून रस्त्याचा तुकडा दिसतो. पाय पुढे टाकता येत नाही. लेकाचा गळा मध्ये येतो. याच्यापेक्षा कुलूप बरं होतं, त्याच्यावर राग तरी काढता यायचा.

कावेरीच्या फोनवर स्वप्नाली बोलली. "आजी, येळवशीला तू जाशील ना? माज्यासाठी भज्जी ठेव, मी सुट्टीत येते घाटनांदूरला." म्हणजे तिलाही सांगितलेलं नाही. मी हो हो म्हणाले. पोरगी रोज पहाटे उठून अभ्यास करते. तिच्या वाटेच्या आड मी यायचं का? या प्रश्नाला मला कुठलंच उत्तर पाठ करता येत नाही.

सोमवार, ८ जानेवारी

उद्या जायचं. महांतेश म्हणतो, सही झाली की येताना घाटनांदूरला थांबू, तुला शेवटचं घर बघता येईल, देव्हारा उचलून आणता येईल. येळवशीला दोन दिवस उरतात, पण मुक्काम नाही.

मी सही करणार आहे. नाही म्हणायला तोंडच नाही. लेक, नात, सून, सगळ्यांचं भलं एका सहीत असेल तर म्हातारीने अडून बसणं बरं दिसत नाही. असं दिवसभर मनाला समजावलं. मन ऐकत नाही, पण ऐकेल.

मंगळवार, ९ जानेवारी

घाटनांदूर. सुंदरबाईच्या ओसरीवर बसून लिहितेय. माझं घर समोर आहे आणि त्याची किल्ली महांतेशकडे, बीडला गेली. उद्या सुताराला बोलावून कुलूप तोडायचं. सुंदरबाई म्हणते, "बाई, तोडायचं कशाला, त्यो यील की परवा येळवशीला." येईल का? गाडीचं दार लावताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी एसटीने आले. अडीच महिन्यांनी एकटीने तिकीट काढलं, कंडक्टरला सुट्टे पैसे देताना हात गडबडला.

स्वप्नालीला काय सांगायचं, मला माहीत नाही. कावेरीचा फोन आला होता, नुसती रडत होती. दुःखाने की आणखी कशाने, ते मला कळलं नाही. माझी पेन्शन स्वप्नालीच्या शिक्षणाला लावायची हे वाटेत एसटीतच ठरवलं. ती पुरणार नाही हेही कळतं. महांतेशला मी आज चारचौघांत खाली पाहायला लावलं. हे माझ्या हातून होईल असं मला कालपर्यंत वाटलं नव्हतं.

झालं ते असं. ऑफिसबाहेर दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलावर मी पानापानावर सही केली. अक्षर चांगलं आलं. घेणारे दोघे भाऊ होते, सभ्य माणसं, मला खुर्ची दिली, चहा दिला. मग आत बोलावलं. टेबलामागचे साहेब तरुण होते. त्यांनी कागद चाळले, माझा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि रोज कितीतरी जणांना विचारत असतील तसंच, मान वर न करता विचारलं, "घर स्वखुशीनं देताय ना?"

"हो साहेब," महांतेश म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "तुम्हाला नाही. आजींना विचारतोय."

खोलीत सगळे होते. घेणारे, साक्षीदार, महांतेश माझ्या खांद्याला हात लावून. त्याचा हात ऊबदार होता. सह्या झालेल्या होत्या, फक्त 'हो' म्हणायचं राहिलं होतं, आणि ते मला पाठ होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

महांतेशचा हात खांद्यावरून निघाला. साहेबांनी पुन्हा विचारलं, आजी, नीट ऐकू आलं ना, काय विचारलं ते? मी म्हटलं, ऐकू आलं साहेब, माझी खुशी न्हाई. त्यांनी कागद बाजूला सरकवले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.